मोटरचा डबा क्लबचा असू द्या: नियम समितीला खुलं पत्र

समितीतले सगळे मेंबर, रेस डायरेक्टर आणि टेक टेबलवर (गाड्या तपासायला) बसणारी मंडळी,

नमस्कार. आपल्या रिमोटच्या गाड्यांच्या रेसमध्ये स्टॉक, म्हणजे ठरावीक कमी ताकदीच्या मोटरींच्या क्लाससाठी मोटरी क्लबच्याच असाव्यात, हे सांगायला हे पत्र आहे. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण हा विषय पिटमध्ये (गाड्या तयार करतो तिथे) उभ्या-उभ्या दहा वेळा निघालाय आणि दहाही वेळा पुढची हीट लागली म्हणून अर्धवट राहिलाय.

मागच्या रेसला स्टॉकच्या सी-मेनला (वेगाप्रमाणे फायनलचे ए, बी, सी असे गट पडतात, ए सगळ्यात वरचा) मी मार्शल, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करणारा, होतो, सरळ पट्टा संपतो त्या वळणावर उभा. तिथून जे दिसतं ते ड्रायव्हर स्टँडवरून कधी दिसत नाही. एक नवा पोरगा, तिसरी की चौथी रेस असेल त्याची, आतल्या भागात जिथे वळणं एकामागोमाग एक येतात तिथे पुढच्या गाडीच्या बंपरला अगदी चिकटून यायचा, लाइन स्वच्छ, कुठे ठोकाठोकी नाही, आणि सरळ पट्टा लागला की पुढची गाडी दोन गाड्यांच्या अंतराने निसटायची. परत आत आला की परत चिकटला. पाच मिनिटं हेच चाललं होतं. रेस संपल्यावर त्याने मला विचारलं, "काका, मोटर कुठली घेऊ?" माझी लाइन कुठे चुकली असं नाही विचारलं, आणि बरोबरच होतं त्याचं, लाइन चुकलीच नव्हती. मला मात्र उत्तर देताना लाज वाटली, कारण खरं उत्तर "एक घेऊन भागायचं नाही बाळा" असं होतं.

आता आपला नियम बघा. साडेसतरा टर्न (तारेचे साडेसतरा वेढे, वेढे जास्त तेवढी मोटर हळू), सेन्सरवाली ब्रशलेस (ब्रश नसलेली), मान्यताप्राप्त यादीतली, स्पीड कंट्रोल (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा भाग) ब्लिंकी, म्हणजे जादा ताकद देणारी सेटिंग बंद, दोन सेलची लायपो बॅटरी. वाचायला किती साधा वाटतो! नव्या माणसाला वाटतं सगळ्यांकडे एकच मोटर आहे. पण नियम बांधतो ते तारेचे वेढे, तारेची जाडी, रोटरची (आत फिरणाऱ्या चुंबकाची) मापं वगैरे. त्या मापांच्या आत जेवढी जागा उरते तेवढ्या जागेत सगळा बाजार भरलाय. वाइंडिंगचा रेझिस्टन्स ठरलेल्या आकड्याच्या जेमतेम वर असलेला स्टेटर (तारेचे वेढे असलेला स्थिर भाग), १२.५ मिमीचा रोटर की त्याहून थोडा बारीक, टॉर्कवाला की आरपीएमवाला, सिरॅमिक बेअरिंग, रोटर स्टेटरच्या आत नेमका कुठे बसावा म्हणून शिम (पातळ चकत्या), आणि एंडबेल (मोटरचं मागचं झाकण) फिरवून टायमिंग, म्हणजे वेढ्यांना करंट किती आधी मिळतो ते. ब्लिंकीमध्ये स्पीड कंट्रोलचं टायमिंग शून्य असतं हे खरं, लाइट लुकलुकते ती त्याचीच खूण, पण मोटरच्या एंडबेलवरचं टायमिंग तर मोकळंच आहे की. आणि त्यावर जो डिग्रीचा स्टिकर चिकटवलेला असतो त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये, सेन्सर बोर्ड कसा बसलाय त्यावर दोन मोटरींचे ३० अंश वेगवेगळे निघतात, म्हणून मग मोटर अ‍ॅनालायझर घ्या. म्हणजे मोटर घेतली, आता ती मोजायचं यंत्रही घ्या.

माझ्या ड्रॉवरमध्ये साडेसतराच्या सात मोटरी आहेत. सात! गाडी एक आहे. त्यातली एक चांगली आहे, दोन बऱ्या आहेत, बाकीच्या मी नव्या लोकांना "वापरून बघ" म्हणून देतो आणि देताना मला पूर्ण माहीत असतं मी काय देतोय. तेव्हा हे पत्र कुणी धुतल्या तांदळासारख्या माणसाने लिहिलेलं नाहीये, हे लक्षात घेऊन वाचा. ती चांगली मोटर मिळाली त्या दिवशी मी सुद्धा खूश होतो, सरळ पट्ट्यावर माणसं मागे पडताना बघून मला वाटलं माझं ड्रायव्हिंग सुधारलं.

फरक किती असतो म्हणाल तर हिशोब सोपा आहे. लॅप १५ सेकंदांचा धरा, पाच मिनिटांत २० लॅप. मोटरमुळे लॅपमागे नुसता ०.१५ सेकंद गेला, म्हणजे शंभरातला एक हिस्सा, तर शेवटी ३ सेकंद होतात, लॅपचा पाचवा भाग. एवढ्यात आपल्याकडे ए-मेन आणि बी-मेन वेगळे होतात. आणि जिथे सगळ्यांची ताकद कमी तिथेच हे जास्त टोचतं, ही गंमत आहे बघा. मॉडिफाइड क्लासमध्ये, जिथे कमी वेढ्यांच्या जोरकस मोटरी चालतात, ताकद एवढी असते की ती टायरला पेलवतच नाही, सगळे स्पीड कंट्रोलमधून आणि बोटाने ती कमीच करत असतात, तिथे समोरच्याची मोटर थोडी सरस असली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. स्टॉकमध्ये ट्रिगर पूर्ण दाबून बसलेले असतात सगळे, मग मोटरमधला प्रत्येक कण थेट लॅपटाइममध्ये दिसतो. त्यामुळे जो क्लास स्वस्त म्हणून काढला त्यातच लोक मोटरीवर मोटरी घेत बसतात आणि मॉडिफाइडवाला दोन-दोन वर्षं एकच मोटर वापरतो. नवीन माणसाला आपण सांगतो "स्टॉकपासून सुरू कर, कमी खर्चाचं आहे" आणि नेमकं त्याला त्याच विहिरीत ढकलतो.

हे काही आजचं नाही. मी सिल्व्हर कॅनच्या काळापासून बघतोय. टामियाची पहिली रेडिओ कार, ती पोर्शे ९३४, १९७६ साली आली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं किटच्या बॉक्समध्ये ५४० साइजची ती चंदेरी डब्याची मोटर यायची. डबा दाबून बंद केलेला, आत बुश, उघडायचा प्रश्नच नाही, मस्त समान क्लास व्हायला पाहिजे होता. पण फॅक्टरीतून हजारोंनी निघणाऱ्या स्वस्त मोटरीत कमी-जास्तपणा जास्तच असतो, तर लोकांनी काय केलं, डझनभर आणल्या, प्रत्येक फिरवून बघितली, सगळ्यात पळणारी ठेवली. वर पाण्याच्या ग्लासात बुडवून चालवायचे, ब्रश लवकर बसतात म्हणून. मग २७ टर्नची स्टॉक मोटर, टायमिंग २४ अंशांवर कायमचं अडकवलेलं, चांगला विचार होता, पण नंतर ती उघडता येणारी आली, आणि उघडता आली म्हटल्यावर कम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो फिरणारा भाग) घासायला छोटा लेथ आला, ब्रश किती प्रकारचे, स्प्रिंग डावीकडची वेगळी उजवीकडची वेगळी, मोटरची ताकद मोजायला डायनो आला. दर दोन-तीन हीटनंतर लेथवर बसलेली माणसं आठवतात ना? मोटरची सेवा करायला यायचो की गाडी चालवायला तेच कळायचं नाही.

मग २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सेन्सरवाली ब्रशलेस आली आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, घासायचं काही नाही, साडेतेरा घ्या साडेसतरा घ्या आणि विसरा. आणि खरंच दोन-तीन सीझन बरे गेले. पुढे स्पीड कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग बूस्ट आणि टर्बो (चालता-चालता टायमिंग वाढवणाऱ्या सेटिंग) घुसलं, साडेसतराची मोटर मॉडिफाइडसारखी किंचाळायला लागली, नवीन सॉफ्टवेअर नाही त्याला मेनमध्ये जागा नाही, धूर निघालेल्या मोटरींचा ढीग वेगळाच. त्यावर उपाय म्हणून २०१० च्या आसपास ब्लिंकी आली. उपाय चांगला होता, मी आजही त्याच्या बाजूने आहे. पण पैसा पाण्यासारखा असतो, एक भोक बुजवलं की दुसरीकडून झिरपतो, आणि आता तो स्टेटर-रोटरच्या निवडीत झिरपतोय. एवढ्या वर्षांत प्रत्येक वेळी नियमाने एक-एक वस्तू बांधली, पण "चांगली शोधून काढ" हा रस्ता कधी बंद केलाच नाही. म्हणून मी म्हणतोय की मोटरचा प्रकार बदलून काही होणार नाही, मोटर कुणाची आहे ते बदला.

माझं मागणं सरळ आहे. एका स्टॉक क्लाससाठी, सगळ्यांसाठी नको, एकाच, मोटरी क्लबच्या असाव्यात. एकच मॉडेल, सीलबंद, फिक्स टायमिंगची. अशा मोटरी बाजारात आहेत, हॉबीविंगच्या जस्टॉकसारख्या, एंडबेल फिरतच नाही. मी म्हणेन साडेसतरापेक्षा २१.५ घ्या, मोटर थंड राहते, टायर जास्त टिकतात, नव्या माणसाची गाडी भिंतीवर आपटली तर आर्म तुटायची शक्यता कमी, आणि रेसिंग जास्त चिकटून होतं. अमेरिकेत व्हिंटेज ट्रान्स-अ‍ॅम म्हणून क्लास चालतो, १९६०-७० च्या दशकांतल्या गाड्यांच्या बॉडी, ठरलेले टायर आणि २५.५ टर्नची मोटर, एवढी हळू गाडी, तरी लोक तिच्यावर जीव टाकतात. हळू म्हणजे कंटाळवाणं हे आपल्या डोक्यातलं खूळ आहे.

तर रेसच्या सकाळी डब्यातून चिठ्ठी काढून नंबर घातलेली मोटर घ्यायची, दिवसभर वापरायची, संध्याकाळी परत. पुढच्या रेसला दुसरी. एखाद्या दिवशी मंद मोटर वाट्याला येईल, येऊ दे, एखाद्या दिवशी पळणारी येईल, सीझनभरात सगळ्यांचं फिटतं. नशीबाबद्दल तक्रार करणारे पिटमध्ये आधीपासून आहेतच, त्यांना नवा विषय मिळेल एवढंच. फक्त बंद मोटर सक्तीची करून थांबू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण मागच्या मीटिंगमध्ये हाच अर्धा उपाय निघाला होता. बंद मोटर माणसाने स्वतः विकत घ्यायची असेल तर तो चार घेऊन त्यातली एक ठेवणार, सिल्व्हर कॅनची गोष्ट परत पहिल्या पानापासून.

पूर्ण आकाराच्या रेसिंगमध्ये ही अक्कल लोकांना कधीच आलीय. कार्टिंगमध्ये रोटॅक्स मॅक्सची इंजिनं सीलबंद असतात, सील फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरने लावायचं. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर तर क्लेम रूल असतो, जिंकलेल्या माणसाचं इंजिन ठरलेल्या रकमेला दुसरा ड्रायव्हर मागू शकतो आणि त्याला द्यावं लागतं. विचार करा, इंजिनावर भरमसाठ पैसे ओतायची हिंमत कोण करेल मग. डबा जमत नसेल तर निदान हे करा: मेन जिंकणाऱ्याची मोटर त्याच मेनमधला कुणीही पुढच्या रेससाठी अदलाबदलीने मागू शकतो, नाही म्हटलं तर पॉइंट गेले. मला डबाच जास्त आवडतो, अदलाबदलीत भांडणं होतील. पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

मोटरसोबत गिअरिंगलाही मर्यादा हवी, नाहीतर अर्धं काम. नव्या लोकांसाठी सांगतो, स्परचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दात, गुणिले गाडीचा आतला रेशो, हा झाला एफडीआर, म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर किती वेळा फिरते तो आकडा. ९० चा स्पर, ४५ चा पिनियन, आतला रेशो १.९, तर ३.८. पिनियन एका दाताने वाढवून ४६ केला की ३.७२ च्या आसपास, वरचा वेग वाढला आणि मोटरवरचा भारही. मोकळं सोडलं तर कुणीतरी क्लबची मोटर तापवून मारणार. साध्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमची कमी व्हायला लागते, आणि वाईट हे की अशी मोटर मोकळी फिरवली तर उलट जास्त आरपीएम दाखवते, टॉर्क गेलेला असतो तो गाडीत घातल्यावर कळतो. म्हणजे टेकवाल्यांनी नुसता आरपीएम बघून मोटर चांगली म्हणू नये, मोकळ्या चालण्याचा करंटही बघावा, आणि सगळ्या मोटरी थंड असताना, एकाच व्होल्टेजवर, क्लबच्या एकाच स्पीड कंट्रोलवर तपासाव्यात. ज्या फार वर किंवा फार खाली निघतील त्या बाजूला, प्रॅक्टिससाठी. एफडीआरचा आकडा आपल्या ट्रॅकवर दोन-तीन गाड्या पळवून ठरवा, दुसऱ्या क्लबचा आकडा उचलू नका, आणि टायरचा व्यास पण धरा नाहीतर लोक मोठा टायर लावून तेच करतील.

बॅटरी आहेच. चार्ज झालेली दोन सेलची लायपो ८.४ व्होल्ट, स्टार्टच्या आधी मीटर लावा, जास्त दिसली तर तो रन धरायचा नाही. वीस सेकंदांचं काम आहे.

आता तुमच्या शंका, ज्या मला पाठ झाल्यात. वेळ जाईल. हो, सकाळी अर्धा तास जाईल, पण वायरींना आधीच बुलेट कनेक्टर लावून ठेवले तर सोल्डरिंग नको, पिनियन ३.१७ मिमीच्या शाफ्टवर घालायचा, ग्रब स्क्रू आवळायचा, मेश (दोन्ही गिअर नीट जुळलेत का ते) बघायचा, सेन्सर केबल, झालं. ज्याला हे दहा मिनिटांत येत नाही त्याने तसंही शिकायला पाहिजे. पैसे कुठून येणार? एंट्री फीमध्ये थोडी भर घाला, एका ड्रायव्हरमागे एक मोटर आणि वर थोड्या जादा, सात-सात मोटरी घेण्यापेक्षा कुठल्याही हिशोबाने कमीच पडेल. मोटर परत आली नाही किंवा सील तुटलं तर डिपॉझिट जप्त, यात समजावण्यासारखं काही नाही.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, तो म्हणजे मोटरशी खेळणं हाच काही लोकांचा छंद आहे. त्यांना गाडी चालवण्यापेक्षा अ‍ॅनालायझरसमोर बसायला आवडतं आणि त्यात कमीपणा काही नाही, मला स्वतःला ते आवडतं, रात्री दोन वाजेपर्यंत शिम बदलत बसलोय मी. म्हणूनच म्हणतो एकच क्लास असा करा. साडेसतराची खुली स्टॉक राहू दे, मॉडिफाइड राहू दे. पण आपल्याकडे स्टॉक हा नव्या माणसाचा दरवाजा आहे म्हणायचं आणि त्या दरवाजात जुन्यांनी मोटर लॅब थाटायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. सेटअपला जागा भरपूर आहे की, स्प्रिंग, ऑइल, कॅम्बर, राइड हाइट, डिफ, माणूस आयुष्यभर पुरेल एवढं, आणि यातलं बहुतेक डोक्याने मिळतं. टायरबद्दल मी इथे लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि मी तापेन.

अजून एक, मॉडेल ठरवलंत की तीन वर्षं हात लावू नका. दर वर्षी कंपनीची नवी आवृत्ती येते, यादीत घुसते, आणि जुन्या मोटरी एका रात्रीत भंगार होतात. नवीन आलेली मोटर कितीही चांगली असो, आपल्याला चांगली नको, सारखी हवी आहे. मॉडेल बंद होण्याची भीती असेल तर सुरुवातीलाच जादा घेऊन ठेवा.

आणि समितीत जे स्वतः ए-मेनला असतात (नावं घेत नाही, तुम्हाला तुम्ही माहीत आहात) त्यांना वेगळं सांगतो. तुम्ही चांगले ड्रायव्हर आहात. डब्यातली मोटर घेऊनही पुढेच राहाल, फार तर अंतर कमी होईल. सी-मेनमध्ये मागच्या सीझनला किती गाड्या होत्या आणि आता किती आहेत ते तुमच्याच टायमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, एकदा काढून बघा. त्या लोकांना हरण्याचं काही वाटत नाही, आम्ही वर्षानुवर्षं हरतोय आणि येतोय. आपण का हरलो हे कळत नाही आणि कळलं तर त्याचा उपाय विकत घ्यावा लागतो, तिथे माणूस गाडी विकायला काढतो.

पुढच्या सीझनच्या पहिल्या चार रेस ट्रायल म्हणून घ्या, पॉइंट नसले तरी चालतील. पहिल्या रेसच्या आदल्या दिवशी मी सोल्डरिंग आयर्न घेऊन येतो आणि सगळ्या मोटरींना कनेक्टर लावून, नंबर टाकून, सील लावून देतो, अ‍ॅनालायझर पण माझाच वापरा, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. मीटिंग कधी ठेवताय तेवढं कळवा.

तुमचाच,
स्टॉकमधला एक जुना ड्रायव्हर, मुक्काम बहुतेक वेळा बी-मेन

ता.क. त्या पोराला मी अजून उत्तर दिलेलं नाही. "जरा थांब, इतक्यात घेऊ नकोस" एवढंच म्हणालोय. दोनदा विचारून झालंय त्याचं.